तिखट मुंबईला जाईल, पांढुर्ण्याचं थांबवा: गावातून ऑनलाइन विक्री सुरू करताना लागणारे कागद

वरूड तालुक्यातल्या आमच्या गावाहून मुंबई सातशे किलोमीटरच्या वर आहे आणि पांढुर्णा तासाभराच्या वाटेवर. दिवाळीच्या तोंडावर एकाच दिवशी व्हॉट्सॲपवर दोन ऑर्डरी आल्या, एक दादरची आणि एक पांढुर्ण्याची. दोघींनाही किलो किलो तिखट हवं होतं. दादरची पिशवी मी त्याच दुपारी पोस्टात टाकली. पांढुर्ण्याची मात्र ओसरीतच राहिली, कारण पांढुर्णा मध्य प्रदेशात येतं आणि माझ्याकडे तेव्हा जीएसटी नंबर नव्हता. ऑर्डर नात्यातल्याच बाईची होती. ती अजून लग्नाकार्यात भेटली की टोमणा मारते.

त्या पिशवीनं मला शिकवलं ते आधीच सांगते. ऑनलाइन धंद्याला कोणकोणते कागद लागतात असा सरसकट प्रश्न विचारू नका. सेतूवाला किंवा तालुक्याचा टॅक्सवाला दहा कागदांची यादी काढून देतो आणि प्रत्येकाचे पैसे घेतो. माल काय आहे आणि तो कुठवर जाणार आहे, एवढं आधी कागदावर लिहा. मग त्या दहातले तीन-चार आपोआप गळतात. मी आणि माझ्या जाऊबाई तिखट, हळद, पापड आणि जवसाची चटणी विकतो, म्हणून उदाहरणं त्याचीच आहेत. सगळी धावपळ चालू असताना सासूबाई म्हणाल्या होत्या, “एवढ्या कागदायनं तिखट जास्त लाल होते काय वं?” होत नाही. पण पार्सल अडत नाही.

पायरी १: आधी नाव एक करा

पोर्टलवर फॉर्म भरायला अर्धा तास लागतो. माझे दोन महिने गेले ते नावापायी. पॅन माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं आणि बँकेच्या पासबुकावर तिसरंच स्पेलिंग. गावाकडच्या निम्म्या बायकांची हीच गत असते. पॅन आणि आधार जुळल्याशिवाय पुढचं एकही दार उघडत नाही. ग्रामपंचायतीतून विवाह नोंदणीचा दाखला काढा आणि त्याच्या आधारे पॅनवरचं नाव दुरुस्त करून घ्या. पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर आता १,००० रुपये विलंब शुल्क पडतं.

दुसरी अडचण मोबाइलची. सगळीकडे ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो आणि तो नंबर बहुतेकदा रिचार्ज न केल्यानं बंद पडलेलं जुनं सिम असतं. तो आधी आधार केंद्रात जाऊन बदलून घ्या.

तिसरी गोष्ट पत्त्याची. धंदा घरातूनच करायचा तर पत्त्याचा पुरावा म्हणून वीजबिल किंवा घरटॅक्सची पावती लागते. आमच्याकडे मीटर वारलेल्या आजेसासऱ्यांच्या नावावर होतं. मेलेल्या माणसाचं संमतीपत्र कुठून आणणार? आधी महावितरणकडे मीटर सासऱ्यांच्या नावावर करून घेतलं, मग त्यांच्या सहीचं संमतीपत्र जोडलं. इथं एक घोळ हमखास होतो. तलाठ्याकडचा आठ-अ हा शेतजमिनीचा असतो. घरासाठी लागतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८. दोन्हीत आठ आहे म्हणून लोक शेताचा उतारा जोडतात आणि अर्ज परत येतो.

वेगळी कंपनी काढायची गरज नाही. एकटीच्या नावावरचा धंदा, म्हणजे प्रोप्रायटरशिप, तुमच्याच पॅनवर चालतो. बचत गट असेल तर मात्र गटाचं स्वतःचं पॅन काढा. सोय म्हणून एका बाईच्या पॅनवर सगळ्यांचा माल विकला, तर सरकारी हिशोबात सगळी कमाई तिचीच दिसते.

पायरी २: फुकटचे कागद फुकटच काढा

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, १ जुलै २०२० पासून आहे. आधार आणि पॅनवर ती होते, शुल्क शून्य, नूतनीकरण नाही. तालुक्याच्या एका दुकानात मी या कागदाचे १,५०० रुपये मोजले होते, वर “अर्जंट”चे दोनशे. इंटरनेटवरही हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या खासगी साइट आहेत, त्या पैसे मागतात. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ नसेल तर बंद करा. नोंदणी करताना तुम्ही माल बनवता, सेवा देता की नुसता आणून विकता, हे खरं लिहा. नुसत्या खरेदी-विक्रीवाल्यांनाही २०२१ पासून नोंदणी मिळते, पण तिचा फायदा बँकेच्या प्राधान्य कर्जापुरताच आहे.

शॉप ॲक्टचंही तसंच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात २०२५ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून वीसपेक्षा कमी कामगार असतील तर परवाना लागत नाही. ऑनलाइन सूचना द्यायची आणि पोचपावती जपून ठेवायची, बस.

या दोन कागदांवर बँक धंद्याच्या नावानं चालू खातं उघडून देते. सुरुवातीला बचत खात्यावरही भागतं, पण घरखर्च आणि धंदा एकाच यूपीआयवर चालवू नका. माझ्या खात्यात भिशीचे पैसे, भावाने पाठवलेले पैसे आणि चटणीचे पैसे एकत्र होते. वर्षअखेरीला कोणते कशाचे हे सांगता येईना. जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूच्या छोट्या दुकानदारांना यूपीआयची जमा पाहून जीएसटीच्या नोटिसा गेल्या होत्या. ते आठवून मी दुसऱ्याच दिवशी खाती वेगळी केली.

व्यवसाय कराचंही इथंच उरकून घेते. तो राज्याचा कर आहे, वर्षाला २,५०० रुपये, भरायची मुदत ३० जून. राज्य जीएसटी विभागाच्या पोर्टलवर नावनोंदणी होते. लोक हा विसरतात आणि चार-पाच वर्षांनी व्याजासकट भरतात.

पायरी ३: खायचा माल असेल तर

कपडे, बांबूच्या वस्तू, शिकवणी, डिझाइनचं काम असेल तर ही पायरी ओलांडून पुढं जा. खायचा माल असेल तर इथं थांबा, कारण जीएसटी नसला तरी विक्री होते, पण अन्नसुरक्षा नोंदणीशिवाय पिशवी बाहेर पाठवणं बेकायदेशीर आहे.

एफएसएसएआय, म्हणजे केंद्राचं अन्नसुरक्षा खातं, त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर अर्ज होतो. छोट्या उत्पादकाला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. तिचं सरकारी शुल्क वर्षाला १०० रुपये आहे. अर्जात प्रकार निवडताना चूक होते. मिरची आणून, वाळवून, कांडपावर दळून विकत असाल तर तुम्ही उत्पादक. तयार तिखटाचं पोतं आणून पाव-पाव किलोच्या पिशव्या भरत असाल तर तुम्ही रीपॅकर. चौदा आकडी क्रमांक मिळतो, तो प्रत्येक पिशवीवर छापायचा.

आता लेबल. पहिल्या खेपेला आम्ही नुसतं नाव, फुलाचं चित्र आणि फोन नंबर छापला होता. पाचशे लेबलं चुलीत गेली. लेबलवर असायला हवं ते असं: पदार्थाचं नाव, त्यात काय काय घातलंय ते जास्तीकडून कमीकडे, चौकोनातला हिरवा ठिपका, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, ग्रॅमला किंवा किलोला किती पडतं तो दर, पॅक केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ते, बॅच क्रमांक, तुमचं नाव आणि पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. जवस, शेंगदाणे, तीळ असलं काही असेल तर ते घटकांत स्पष्ट लिहा. “घरगुती आहे, सगळ्यांना माहीत आहे” हे इथं चालत नाही. घेणारी बाई पुण्यात बसलेली असते, तिला तुमची खलबत्त्यातली चटणी माहीत नसते.

आवेष्टित मालासाठी वजनमापाचे २०११ चे नियम वेगळे आहेत. पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत वैधमापन विभागाकडे पॅकर म्हणून नोंदणी करायची, शुल्क ५०० रुपये. घरच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावरही दरवर्षी त्यांचा शिक्का लागतो. बाजारातल्या भाजीवाल्याला ही गोष्ट पाठ असते. ऑनलाइन विकणाऱ्या शिकलेल्या पोरापोरींना बहुधा पहिल्यांदाच कळते.

पायरी ४: जीएसटी, म्हणजे राज्याची सीमा

आता पांढुर्ण्याकडे येऊ. महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. सेवा देणाऱ्याला ही मर्यादा २० लाखांची. मग मला किलोभर तिखटासाठी का अडावं लागलं? कारण करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवला की ४० लाखांची ढाल निघून जाते. पहिल्याच पिशवीपासून नोंदणी लागते. विदर्भाला तीन राज्यांच्या सीमा भिडतात. वरूडला पांढुर्णा, गोंदियाला बालाघाट आणि राजनांदगाव, यवतमाळच्या पांढरकवड्याला आदिलाबाद जवळ. सोयरीक, बाजार, दवाखाना सगळं सीमेपलीकडे असतं. कायदा किलोमीटर मोजत नाही, राज्य पाहतो. पांढुर्ण्याची बाई वरूडच्या आठवडी बाजारात येऊन रोखीनं तिखट घेऊन गेली, तर ती इथलीच विक्री. तेच तिखट तिच्या पत्त्यावर कुरिअर केलं, तर ती आंतरराज्य विक्री. नोंदणी लागत असून न करता विक्री केली, तर दंड १०,००० रुपये किंवा बुडवलेला कर, जे जास्त असेल ते.

तरी तुमचा माल करपात्र आहे का, हे आधी बघा. पापडावर कर शून्य आहे. नुसते पापड विकणारी बाई नोंदणीशिवाय देशभर पापड पाठवू शकते. ओल्या हळदीवर कर नाही. वाळवलेल्या हळदीवर, हळदपुडीवर आणि तिखटावर ५ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले, त्यात लोणची आणि नमकीन १२ वरून ५ वर आली. आपल्या वावरातली संत्री, ओली मिरची, तूर जशीच्या तशी विकणाऱ्या शेतकऱ्याला तेवढ्या विक्रीपुरती नोंदणी लागत नाही, मग ती इन्स्टाग्रामवरून विकली तरी. वावरातल्या मिरचीचं तिखट करून छापील पिशवीत भरलं, की मात्र त्या सवलतीवर विसंबू नका.

ॲमेझॉन-फ्लिपकार्टसारख्या मोठ्या विक्री मंचांचा नियम आणखी वेगळा. पूर्वी मंचावर एक वस्तू लावायची तरी नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून ४० लाखांच्या आतला विक्रेता नोंदणीशिवाय मंचावरून विकू शकतो, पण फक्त आपल्याच राज्यात. त्यासाठी जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन एक नावनोंदणी क्रमांक काढायचा आणि तो मंचाला द्यायचा. हा क्रमांक म्हणजे जीएसटी नंबर नव्हे, त्यावर रिटर्न भरावं लागत नाही. आधी वर्षभर महाराष्ट्रातच विकून पाहायचं असेल, तर माझ्या मते हाच रस्ता बरा. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर एवढा बाजार पहिल्या वर्षी संपत नाही.

हस्तकलेला एक सूट आहे, ती गडचिरोली-चंद्रपूरकडच्या बांबू कारागिरांनी लक्षात ठेवावी. सरकारी यादीतल्या, मुख्यतः हातानं बनवलेल्या वस्तू २० लाखांच्या आत नोंदणीशिवाय थेट दुसऱ्या राज्यात विकता येतात. पॅन हवं आणि प्रत्येक खेपेला ई-वे बिल, म्हणजे माल वाटेत नेण्याचा ऑनलाइन कागद, काढायला हवं, रक्कम कितीही लहान असो. मंचामार्फत परराज्यात पाठवताना ही सूट धरू नका. सेवा देणाऱ्यांना तर सीमेचा जाच नाहीच. यवतमाळात बसून हैदराबादच्या दुकानाचं डिझाइन करणाऱ्या पोराला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही.

नोंदणी करायची ठरली तर तीही फुकट आहे. फोटो, पॅन, आधार, नमुना ८ किंवा वीजबिल, संमतीपत्र आणि बँकेचा पुरावा. काही अर्जदारांना बोटांचे ठसे द्यायला सुविधा केंद्रात बोलावतात, काहींच्या घरी अधिकारी पाहणीला येतात. आमच्याकडे आले तेव्हा अंगणात मिरची वाळत होती आणि साहेब शिंकून बेजार झाले. नंबर मिळाला की धंद्याच्या जागी नाव आणि जीएसटी क्रमांकाची पाटी लावणं बंधनकारक आहे. ती घराच्या ओसरीवर लागली तेव्हा अर्ध्या गावाला वाटलं आम्ही रेशनचं दुकान घेतलं.

१.५ कोटींपर्यंतच्या उलाढालीसाठी कंपोझिशन योजना आहे, म्हणजे उलाढालीवर सरसकट ठरलेला कर, उत्पादकाला आणि व्यापाऱ्याला १ टक्का. ऐकायला गोड वाटतं, पण ती घेतली की परराज्यात माल पाठवताच येत नाही. नोंदणीचं कारणच पांढुर्णा असेल, तर ही योजना तुमची नाही.

आणि रिटर्न. नंबर घेताना कुणी सांगत नाही, पण खरं काम इथून सुरू होतं. ५ कोटींच्या आतल्याला तिमाही पर्याय आहे. विक्रीचा तपशील तिमाहीनंतरच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत आणि मुख्य रिटर्न महाराष्ट्रात २२ तारखेपर्यंत. मधल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेच्या आत. तिमाहीत एक रुपयाची विक्री झाली नाही तरी शून्याचं रिटर्न भरायचं. ते साध्या एसएमएसवरही भरता येतं. चुकलं तर दिवसाला ५० रुपये, शून्याच्या रिटर्नला २०. आमच्या ओळखीतल्या एकानं हौसेनं नंबर घेतला, विक्री झाली नाही म्हणून पोर्टल उघडलंच नाही, शेवटी नंबर रद्द झाला आणि वर शुल्क बसलं ते वेगळंच. मंचाचं कमिशन आणि कुरिअर यांवर तुम्ही भरलेला १८ टक्के जीएसटी वजा करून मिळतो, म्हणून बिलं धंद्याच्या जीएसटी क्रमांकावरच घ्या. मंच तुमच्या करपात्र विक्रीतून अर्धा टक्का कर कापून ठेवतो, तोही पोर्टलवर जाऊन आपल्या खात्यात ओढून घ्यावा लागतो.

पायरी ५: आयकर

“शेतकऱ्याला आयकर नसतो” हे वाक्य आपल्याकडे पारावर रोज ऐकू येतं. शेतीच्या उत्पन्नाला नसतो, शेतकऱ्याला नसतो असं नाही. हळद उकडून वाळवली आणि विकली, तर ते शेतीचं उत्पन्न, कारण त्याशिवाय हळद बाजारात जातच नाही. ती दळून छापील डब्यात भरली, की दळल्यानंतरचा नफा धंद्याचा.

छोट्या धंद्याला अंदाजित नफ्याची सोय आहे. यूपीआय-बँकेतून आलेल्या विक्रीचे ६ टक्के आणि रोखीच्या विक्रीचे ८ टक्के किमान नफा दाखवायचा, मग जाडजूड हिशोबवह्या ठेवाव्या लागत नाहीत. ९ लाखांची विक्री सगळी यूपीआयनं झाली तर किमान नफा ५४,००० रुपये. प्रत्यक्षात जास्त सुटला असेल तर जास्तच दाखवा. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही आणि १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्यावर येतो. तेव्हा कर बहुतेकांना लागत नाही, तरी रिटर्न भरा. पुढं मुद्रा कर्जाला गेलात की बँक पहिल्यांदा दोन-तीन वर्षांची रिटर्नच मागते. शेतीचं उत्पन्नही त्यात लिहा, लपवायचं काही कारण नाही.

मंच विक्रीवर ०.१ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतो. पॅन दिलेलं असेल आणि वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल तर कापत नाही, आणि पॅन नसेल तर ५ टक्के कापतो. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुन्या व्हिडिओत पाहिलेलं कलम फॉर्मवर शोधत बसू नका.

पायरी ६: नाव आणि तक्रारी

ट्रेडमार्क पहिल्या दिवशी नको. वर्षभर माल खपला, लोक नावानं मागू लागले की करा. मालाच्या एका वर्गासाठी ऑनलाइन ४,५०० रुपये शुल्क आहे, एकट्या माणसाला आणि उद्यम प्रमाणपत्र असलेल्या छोट्या उद्योगाला. इतरांना दुप्पट. एक मात्र जपा. भिवापुरी मिरची, वायगावची हळद, नागपुरी संत्रं या नावांना भौगोलिक मानांकन आहे. कुठलीही मिरची आणून पिशवीवर “भिवापुरी” छापणं म्हणजे त्या तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या पोटावर पाय. कायद्यानंही ते चालत नाही. खरोखर त्या भागातली मिरची घेत असाल, तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून मगच नाव छापा.

ग्राहकांसाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. तक्रार ऐकणाऱ्या माणसाचं नाव आणि फोन द्यायचा, ४८ तासांत पोच द्यायची, महिन्याच्या आत निकाल लावायचा. आमच्याकडे ते नाव जाऊबाईंचं आहे, कारण त्यांचा आवाज चढत नाही. माल फुटला, खराब निघाला किंवा सांगितल्यापेक्षा वेगळा निघाला, तर परत घ्यायला नकार देता येत नाही. चटणीच्या तेलानं पार्सल भिजून आलेल्या तीन ऑर्डरी आम्ही दुसऱ्यांदा फुकट पाठवल्या, मग पिशवीवर पिशवी घालायला लागलो.

याच नियमांत आणखी एक आहे. विक्रेत्यानं ग्राहक बनून आपल्याच मालाचं कौतुक लिहायचं नाही. हे वाचायच्या आधी जाऊबाईंनी त्यांच्या माहेरच्या नावानं पाच तारे देऊन “असं तिखट आमच्या खानदानात कुणी खाल्लं नाही” असं लिहून ठेवलं होतं. ते काढून टाकलं. त्या खानदानाच्या वाक्यापायी सासूबाई दोन दिवस जाऊबाईंशी बोलत नव्हत्या.